मागच्या दोन चाकांची हवा

राशिदने आणलेले चार टायर झावळ्यांच्या घरासमोर एकावर एक रचून ठेवले होते. ती चळत त्याच्या आईच्या खांद्याला लागत होती. गालिया हातातला दुधाचा टोप खाली न ठेवताच तिच्याभोवती एक फेरी मारून आली. एका टायरच्या खाचेत तिने बोट घातलं. अख्खं बोट आत गेलं.

"हे गाडीला लावायचेत, का गाडी यांच्यावर ठेवायचीय?"

"यम्मा, याच्यानं गाडी वाळूवर तरंगते," राशिद म्हणाला.

"तरंगू दे. मी चढू कशी? शिडी आणलीस का बरोबर?"

"क्रेट ठेवीन पायाखाली. दुधाचा."

"हो, बाजारात चारचौघांपुढे क्रेटवरून उतरते. त्यापेक्षा उचलूनच घे, नव्या नवरीसारखं."

सावलीत कहवा पीत बसलेले राशिदचे वडील हुमैद हसले, तसा त्यांना खोकला लागला. त्यांनी पेला उलटा ठेवला आणि उठून टायरला हाताने थाप मारली. बैल पारखणारा माणूस थाप मारतो तशी. राशिदची बहीण नसरा दारात उभी राहून पायातली वाळू झटकत होती. कामावर जाताना पाय झटकायची तिला आठवडाभरापासून सवय लागली होती.

तीन वर्षं पाऊस नव्हता. विहिरीचं पाणी आधी खारट झालं, मग कडू. उंटिणी तोंड घालायच्या आणि फुर्र करून मान वळवायच्या. म्हणून रोज गावातून पिकअपवर हजार लिटरची टाकी भरून आणायची, ती अठ्ठावीस उंट आणि शेळ्यांमध्ये संपायची. त्यातच गेल्या मोसमातल्या वाऱ्याने मोठं टेकाड सरकलं आणि जुन्या घट्ट वाटेवर येऊन बसलं. आता मऊ वाळूतून चढून जायचं. भरलेली टाकी घेऊन गाडी आसापर्यंत रुते. मागच्या आठवड्यात एका सकाळी तीनदा रुतली. नसराने अबाया कमरेला खोचून हातांनी वाळू उपसली आणि आरोग्य केंद्रात पोचली तेव्हा नऊ वाजले होते. हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्राने लाल दिवा दाखवला. वरिष्ठ बाई जोखा यांनी झाडूवालीला हाक मारली आणि नसरा जिथून जिथून चालत गेली तिथून तिथून फरशी पुसून घेतली. बाकावरचे पेशंट पाहत होते.

त्या महिन्यातले दोन लाल दिवे झाले होते. तिसऱ्याला तिची बदली होणार होती, तालुक्याच्या मोठ्या इस्पितळात, दीडशे किलोमीटरवर. आणि तसं झालं असतं तर वाळूतलं घर मोडून सगळ्यांनाच सरकारी वसाहतीत जावं लागलं असतं, कारण घरात दरमहा पगार तेवढा तिचाच येत होता. राशिद लष्करात होता, पण त्याच्या पदरी त्याची बायको आणि तीन पोरं होती. हुमैद हे कधी बोलून दाखवत नसत. त्यांनी राशिदला फोन करून फक्त एवढंच विचारलं होतं, "ते वाळूतल्या शर्यतीवाले लावतात तसले टायर मिळतील का? जुने चालतील."

राशिदने नवे आणले.

*

शफिकुलचं दुकान गावाबाहेरच्या रस्त्याला लागून होतं. तो बांगलादेशचा, वीस वर्षं तिथेच. त्याची भाषा अजून तुटक होती, पण गाडीचा आवाज ऐकून तो आजार सांगायचा. अडीचला काम सुटल्यावर नसरा चालत तिथे पोचली, तेव्हा पिकअप चार ठोकळ्यांवर उभी होती, चाकांविना. राशिद ग्राइंडर लावून पुढच्या मडगार्डची कड कापत होता. ठिणग्या त्याच्या पायावर पडत होत्या आणि तो मध्येच पाय झाडत होता.

"बास, बास," शफिकुल ओरडला. "आणखी कापलं तर पत्रा राहणार नाही, हवाच राहील."

चाकं चढली. पाना फिरवताना शफिकुलच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गाडी खाली उतरवली तेव्हा ती ओळखू येईना. नसराच्या छातीला लागणारं बॉनेट आता गळ्याला लागत होतं. हुमैदनी आत बसून स्टीअरिंग पूर्ण वळवलं. उजव्या बाजूला खर्रर आवाज झाला.

"थोडं घासतंय," राशिद म्हणाला. "झिजेल आपोआप."

"काय झिजेल? टायर का पत्रा?" हुमैदनी विचारलं.

"ज्याची हिंमत कमी, ते."

शफिकुल हसला नाही. हात पुसत तो खिडकीशी आला. खिडकी उंच झाल्यामुळे त्याला मान वर करावी लागली.

"अबू राशिद, ऐका. टायर मोठा, ब्रेक तोच जुना. थांबायला जागा जास्त पाहिजे. काटा नव्वद दाखवेल, गाडी शंभर पळेल. काट्याचं ऐकायचं नाही."

"मी कधी ऐकलंय काट्याचं?" हुमैद म्हणाले.

"आणि हवा. तुम्ही लोक डोळ्यानं बघता, टायरचं पोट किती सुटलंय. हा टायर तसा नाही. याचं अंग जाड. आत हवा नाही, तरी बाहेरून ताठ. रिकामा माणूस कडक कपडे घालतो, तसा. वाळूत ठीक. पण डांबरावर कमी हवेनं पळवला, वर पाण्याचं वजन, तर आतून तापतो आणि फाटतो. हे घ्या."

त्याने खिशातून हवा मोजायचा पितळी गेज काढला. काच एका कोपऱ्यात तडकलेली होती.

"चाळीस वर्षं डोळ्यानं बघतोय मी," हुमैद म्हणाले. तरी त्यांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मागे बसलेल्या नसराच्या मांडीवर टाकला. "तुझ्या पिशवीत राहू दे. माझ्या खिशात हरवेल."

नसराने तो पिशवीतल्या पुस्तकाशेजारी ठेवला.

घरी जाताना टेकाडाखाली हुमैदनी गाडी क्षणभर थांबवली. भरलेली टाकी मागे डुचमळत होती. त्यांनी ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि गाडी सोडली. गाडी चढली. रुतली नाही, कण्हली नाही. वर पोचल्यावर राशिदने खिडकीबाहेर हात काढून आरोळी ठोकली. उतरताना हुमैदनी आरशातून नसराकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन ते असेच भुवया उडवायचे.

*

बुधवारी सकाळी निघायला उशीर झाला, तो गालियामुळे. गाडी एवढी तरंगते तर मला एक चक्कर मारून आणा, असं तीच म्हणाली. राशिदने क्रेट ठेवला, ती चढली, चेहऱ्यावरच्या कापडी मुखवट्याची दोरी घट्ट केली आणि हुमैदनी उंटांच्या कुंपणाभोवती दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला तिचा हसण्याचा आवाज घरापर्यंत आला.

"बाबा, माझी वेळ झाली," नसराने हाक मारली.

"टेकाडावर आता अडकायचं नाही, मग घाई कसली?"

ते दोघेच निघाले. राशिद कुंपण बांधायला मागे राहिला.

वाळू संपते आणि डांबर सुरू होतं तिथे एक गाफचं झाड आहे. वाळूतला प्रत्येक माणूस तिथे थांबतो. आत जाताना चाकांतली हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर धरतो. बाहेर येताना पुन्हा भरायची. हुमैद हवा सोडताना व्हॉल्वमध्ये किल्लीचं टोक दाबून तेहतीस वेळा सुब्हानल्लाह म्हणायचे. तेहतीसला बरोबर हवी तेवढी हवा जायची. भरताना टायरच्या पोटाकडे पाहायचे. बॅटरीला चिमटे लावून छोटा पंप चालू केला की एकेका चाकाला चारेक मिनिटं लागायची, आणि तेवढ्या वेळात नसरा पुस्तक वाचायची. चार चाकांत दहा पानं व्हायची. मग रस्त्याला लागल्यावर हुमैद विचारायचे, "आज काय झालं?" आणि ती सांगायची. सध्याच्या पुस्तकात एक माणूस कोरड्या विहिरीत उतरला होता आणि वरचा दोर कोणीतरी सोडून दिला होता.

त्या दिवशी तिने पुस्तक उघडलं नाही. ती घड्याळ पाहत होती.

टायर मोठे, पहिलं चाक भरायलाच अकरा मिनिटं लागली. पंप तापला, त्याचा आवाज घोगरा झाला. हुमैद उकिडवे बसून नळीवर हात धरून होते. पाठीवरचा पांढरा पायघोळ दिशदाशा घामाने चिकटला होता. दुसरं चाक भरलं तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. गाव पंचवीस मिनिटांवर. यंत्र साडेसातनंतरच्या अंगठ्याला लाल दिवा दाखवायचं.

हुमैद नळी घेऊन मागच्या चाकाशी गेले.

"राहू दे, बाबा," नसरा म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"मागची दोन राहू देत. संध्याकाळी परत सोडायचीच तर आहे हवा. टाकी रिकामीय, काय होतंय? आजचा लाल दिवा लागला ना, तर संपलं माझं."

ते उठले. गुडघे कडकड वाजले. पायाने त्यांनी टायरला एक ठोकर मारली, मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं. टायर ताठ उभा होता. पोट सुटलेलं नव्हतं.

"दिसतंय तर भरल्यासारखं."

"मग चला ना."

"तू म्हणतेस तर चला."

गेज तिच्या मांडीवरच्या पिशवीत होता. तो तिच्या ध्यानातही आला नाही. पुढे कित्येक दिवस ती हे आठवून पाहणार होती, की ध्यानात आला होता का. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं.

रस्त्यात त्यांनी विचारलं, "विहिरीतला माणूस वर आला का?"

"माहीत नाही. संध्याकाळी सांगते."

सात वाजून एकोणतीस मिनिटांनी तिने अंगठा ठेवला. हिरवा दिवा. दारातून मागे वळून तिने हात हलवला. हुमैदनी उंच खिडकीतून दोन बोटं कपाळाला लावली आणि टाकी भरायला गेले.

*

पावणेबाराच्या सुमारास जोखाबाई फायलींच्या खोलीत आल्या. नसराच्या हातातली फाईल त्यांनी स्वतः काढून घेतली, मांडणीवर जागच्या जागी नीट लावली. मग म्हणाल्या, "नसरा, बस जरा."

इतक्या हळू आवाजात त्या कधी बोलत नसत. नसरा बसली नाही.

ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे वळणावर मागचं डावं चाक फाटलं. टाकी भरलेली होती. गाडीने दोन पलट्या खाल्ल्या. मागून येणाऱ्या माणसाने पोलिसांना सांगितलं, की आधी काळा धूर दिसला, मग रबराची पट्टी उडाली, आणि मग रस्त्यावर नुसतं पाणीच पाणी. एवढं पाणी, की त्याला वाटलं कुठेतरी पाऊस पडून ओढा आला.

हुमैदचं दफन त्याच दिवशी असरच्या नमाजानंतर झालं.

*

तीन दिवस माणसं येत राहिली. पुरुष बाहेर चटईवर, बायका आत. कहवा उकळत राहिला, खजूर फिरत राहिले. बायका गालियाचा हात हातात घेऊन बसायच्या आणि कुणी ना कुणी म्हणायचंच.

"एवढी वर्षं साध्या टायरांवर गेली की."

"गाडीला उंच केलं की ती पडणारच."

"पोराची हौस, दुसरं काय. बापाचं वय बघायचं नाही."

गालिया मुखवट्याआडून ऐकत राहायची. पण दुसऱ्या दिवशी राशिदने आईपुढे कहव्याचा पेला धरला, तेव्हा तिने तो घेतला नाही. राशिदचा हात तसाच पुढे राहिला. मागून हुमैदचा धाकटा भाऊ सलमीन आला, त्याने राशिदच्या हातातून पेला घेऊन तिला दिला. तो तिने घेतला आणि ती प्यायली.

राशिद बाहेर गेला. उन्हात, अनवाणी. काकांच्या गाडीतून आलेलं पाणी बादलीने हौदात ओतत राहिला. वाळू इतकी तापली होती की शेळ्याही सावली सोडत नव्हत्या. नसरा झावळ्यांच्या फटीतून पाहत होती. तो पाय उचलतही नव्हता. रात्रीच्या भातालाही त्याने हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्याही.

तिसऱ्या दिवशी शफिकुल आला. स्वच्छ शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले. सलाम करून तो चटईच्या कडेला उभा राहिला. लोकांनी सलमीनकाकांकडे पाहिलं. सलमीनकाका उठले नाहीत, हातही दिला नाही.

"काय बघायला आलास? काम नीट झालं का ते?"

"काका, तो मेहमान आहे," राशिद म्हणाला.

"तू गप्प बस. तुझं मग बघू. याचं दुकान बंद करून याला विमानात बसवल्याशिवाय मी राहत नाही. चाक घासत होतं म्हणे. घासत होतं की नाही रे?"

"पुढचं घासत होतं, शेख," शफिकुल म्हणाला. "फाटलं मागचं."

"वर तोंड करून बोलतोय!"

शफिकुलने मान खाली घातली. मग तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "गेज दिला होता मी. बघा म्हटलं होतं."

"कुठाय गेज? पोलिसांनी दिलेल्या पिशवीत चष्मा आहे, किल्ली आहे, माळ आहे. गेज नाही. खोटारडा."

झावळ्यांच्या अलीकडे नसराच्या मांडीवर तिची पिशवी होती. तिने ती पोटाशी धरली. तिच्या शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, हिला उमाळा आला, म्हणून ती बाई तिची पाठ चोळू लागली. नसराने पाठ चोळू दिली.

शफिकुल कहवा न घेता गेला. त्याची एक चप्पल चटईपाशीच राहिली होती, ती घ्यायला तो परत आला, तेव्हा दोघेतिघे हसले.

त्या संध्याकाळी सलमीनकाका म्हणाले, "रविवारी पोलिसांत जाऊ. चुकीचं बसवलं म्हणून लिहून देऊ. राशिद, सही तुझी लागेल. मोठा मुलगा तू."

"माझ्याविरुद्ध लिहा, मी सही करतो. टायर मी आणले."

"तेही लिहून झालंय सगळ्यांच्या मनात. कागदावर त्याचं नाव पुरे."

गालिया पलीकडे पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. हळूच एवढंच म्हणाली, "मला फिरवायला नेलं होतं त्यांनी सकाळी. मी हसत होते."

नसराने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते. मग राशिद उठून उंट बांधायला गेला, आणि ते तिथेच राहिले.

*

रविवारी तिची रजा संपली. सलमीनकाकांच्या गाडीत पुढे काका आणि राशिद, मागे ती. तिने शनिवारी पुस्तक पूर्ण वाचलं होतं. विहिरीतला माणूस वर आला होता. सांगायला कुणी नव्हतं.

राशिदचे गाल चार दिवसांत आत गेले होते. पायांच्या तळव्यांना फोड आले होते, म्हणून त्याने चपला घातल्या नव्हत्या, हातात धरल्या होत्या. त्याच्या खिशातून तक्रारीच्या कागदाची घडी वर आलेली दिसत होती. सही करायची बाकी होती.

टेकाड ओलांडताना काकांची गाडी दोनदा रुतली. राशिदने उतरून वाळू उपसली. उशीर झाला होता. नसराने घड्याळ पाहिलं नाही.

गाफच्या झाडाखाली गाडी थांबली. काकांनी बॉनेट उघडून बॅटरीला चिमटे लावले, पंप घरघरू लागला. राशिद नळी घेऊन पुढच्या चाकाशी बसला. त्याने तळव्यांवर भार न देता गुडघे टेकले. वाळूत चार दिवसांपूर्वीच्या मोठ्या चाकांचे ठसे होते. वाऱ्याने अर्धे बुजवले होते, पण खाचा ओळखू येत होत्या. ती तिथे उतरली नव्हती त्या दिवशी. आज उतरली.

पहिलं चाक झालं. दुसरं झालं. राशिद नळी ओढत मागच्या चाकाशी येऊन बसला.

"लवकर आटप रे," काका घड्याळ पाहून म्हणाले. "साहेब नऊला निघून जातो. मागची तशीच राहू देत, गावात पंपावर भरू."

राशिदने होकारार्थी मान हलवली आणि नळी गुंडाळायला घेतली.

नसरा बोलली. पण पंप चालूच होता आणि तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. काकांनी नुसती मान वळवली. "काय?"

तिने पिशवीतून गेज काढला आणि राशिदच्या हातात दिला. तडकलेल्या काचेवर पुस्तकाच्या पानाचा चुरा चिकटलेला होता. राशिद त्याच्याकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे.

ती बॉनेटकडे गेली आणि बॅटरीचे चिमटे एका झटक्यात ओढून काढले. पंप थांबला. एकदम इतकं शांत झालं की झाडाच्या शेंगा वाळूवर पडताना ऐकू येत होत्या.

"हा त्या दिवशी माझ्याकडे होता," ती म्हणाली. "शफिकुलने दिला होता. बाबांनी मला ठेवायला दिला. आणि बाबा हवा भरत होते, राशिद. पुढची दोन भरली होती. नळी घेऊन मागच्या चाकाशी बसले होते, तू बसलायस तसे. मला उशीर होत होता. मी म्हणाले, राहू दे, बाबा. मीच म्हणाले."